फोनवरून मारलेली हाक

थोरलीच्या घरामागचं परस केवढं, तर दोन खाटा टाकल्या की तिसऱ्या माणसानं श्वास आत ओढून उभं राहावं एवढं. तेवढ्यात पाण्याची टाकी, कपड्यांची तार, कुंपणावर चढलेला भोपळ्याचा वेल आणि चार बदकं. ती कामाला होती त्या लाँड्रीतल्या बाया तिला म्हणायच्या, अगं मांजर पाळावं, पोपट पाळावा, अगदीच हौस असेल तर नवरा पाळावा, बदकं काय पाळतेस? थोरली म्हणायची, नवऱ्यापेक्षा बदक परवडलं, घाण करतं पण घरामागे करतं.

हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी त्या लाँड्रीत धुवायला येत. धुतलेल्या चादरी गरम रुळांमधून सपाट करून काढायचं काम थोरलीकडे होतं. ओल्या चादरींचा गठ्ठा उचलणं म्हणजे बेशुद्ध माणूस उचलणं. धरायला नीट काही सापडत नाही आणि वजन सगळीकडून खाली ओघळतं. तर एका हॉटेलवाल्यानं शोभेसाठी कारंज्यात बदकाची पिल्लं सोडली. चार दिवसांत पाणी हिरवं झालं, पाहुण्यांनी नाकं मुरडली, आणि पिल्लं मळक्या चादरींच्या गाडीतून खोक्यात बसून लाँड्रीत आली. गाडीवाला म्हणाला, टाकून द्यायला सांगितलंय. थोरलीनं खोकं काखेत मारलं आणि घर गाठलं.

नकोशा झालेल्या जिवाला घरी आणायची तिला जुनीच खोड. आई गेली तेव्हा धाकटी बहीण शाळेत होती आणि नातेवाइकांत जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. थोरलीनं कुणाकडेच बघितलं नाही. स्वतःचं लग्न, स्वतःची हौसमौज गुंडाळून ठेवली आणि बहिणीला वाढवलं. पुढे धाकटीनं फरशीच्या दुकानातल्या विक्रेत्याशी लग्न केलं, आणि भाड्याचं घर मिळेपर्यंत म्हणून दोघं थोरलीकडे राहायला आली. ते घर अजून मिळालेलं नाही. शोधतंय कोण?

बदकांविषयी लोकांच्या कल्पना कॅलेंडरावरच्या. निळं तळं, पांढरी बदकं, मागे पिल्लांची रांग. खरं बदक म्हणजे चिखलाचा कारखाना. स्वच्छ पाण्याचं घमेलं समोर ठेवा, चहा गाळून होईपर्यंत त्याचा गाळ झालेला असतो. एक घास खायचा, चोच पाण्यात बुचकळायची, पुन्हा घास, पुन्हा बुचकळी. पाणी उथळ ठेवलं तर नाकपुड्या तुंबतात आणि बदकं आजारी पडतात, म्हणून थोरलीनं लाँड्रीतून मोडीत निघालेला पत्र्याचा टब आणून ठेवला होता. तो रोज सकाळी कामावर जाण्याआधी उपसायचा, घासायचा, भरायचा, आणि गढूळ पाणी वेलाला घालायचं. वेल असा माजला होता की शेजारणीच्या गच्चीवर जाऊन भोपळे धरत होता. शेजारीण ते गपचूप कापून न्यायची, त्यामुळे बदकांच्या ओरडण्याविषयी तिची काही तक्रार नव्हती.

ओरडतात त्या माद्या. नराला आवाज असा नसतोच, घसा बसल्यासारखा घरघरतो. थोरलीकडच्या नराचं शेपटीवरचं पीस वर वळलेलं होतं आणि चालणं पोट पुढे काढून, म्हणून तो साहेब. एक मादी दिवसभर पिसं साफ करत बसायची, ती नटवी. एक खादाड. आणि चौथी होती तिचा आवाज तीन घरं ओलांडून जायचा. दाणे उशिरा आले, पाणी कोमट झालं, वरून विमान गेलं, प्रत्येक गोष्टीवर तिचं काही ना काही म्हणणं असायचं. तिचं नाव सासूबाई. थोरली सगळ्यांना सांगायची, बघा, लग्न न करता सासू मिळाली, आणि तीही अंडी घालणारी.

संध्याकाळी अंधार पडायच्या आत बदकं खुराड्यात गेली पाहिजेत, नाहीतर कुत्री आणि घुशी त्यांना ठेवत नाहीत. पण त्यांना हाकलून आत घालता येत नाही. हाकललं की चार दिशांना फुटतात, आणि या परसात तर टाकी आणि भिंत यांच्यामध्ये एक फट होती, हात खांद्यापर्यंत घातला तरी काही हाताला लागू नये अशी. बदकं तिथे घुसली की संपलं. ती यायची फक्त थोरलीच्या हाकेला. मागच्या दारात उभी राहून ती म्हणायची, "दिवा लागला गं, चलाऽऽ." शेवटचा 'चला' लांबलेला, खाली उतरत जाणारा. की आली चौघं डुलत डुलत तिच्या पायांपाशी, साहेब सगळ्यांच्या मागे. ही हाक मुळात आईची. आई दोघी बहिणींना रस्त्यावरच्या खेळातून अशीच घरात बोलवायची. आई गेल्यावर थोरली धाकटीला बोलवायची. धाकटी मोठी झाली, तिला बोलवायची गरज उरली नाही, तेव्हा ती हाक बदकांच्या वाट्याला आली.

धाकटीनं एकदा तशीच हाक मारून पाहिली होती. एकानंही मान वर केली नाही. तिचा नवरा, म्हणजे फरशीवाला, एकदा हातात झाडू घेऊन मोठ्या तावानं उतरला, आणि साहेबाला अडवता अडवता टबात बसला. पँट बदलून आला तेव्हा म्हणाला, ताई, ही बदकं नाहीत, तुमच्या पक्षाचे कार्यकर्ते आहेत. थोरली त्या दिवशी पोट धरून हसली. तिला या गोष्टीचा गर्व होता आणि ती तो लपवत नव्हती. माझ्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाहीत, हे वाक्य ती लाँड्रीत रोज कुठे ना कुठे घुसवायचीच. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, एवढ्यावर माणूस जगतो. अडणारं बदक का असेना.

मग ओल्या चादरींनी आपला हिशेब चुकता केला. थोरलीच्या पोटाशी गाठ आली, डॉक्टर म्हणाले हर्निया, कापायला हवा, आणि नंतर बरेच महिने वजन उचलायचं नाही. थोरलीला सुरीची भीती नव्हती. तिला भीती होती संध्याकाळची. मी नाही तर ह्यांना आत कोण घेणार, म्हणून ती तारीख पुढे ढकलत राहिली. शेवटी धाकटीनंच तोड काढली. ताई, तू दवाखान्यातून फोनवर हाक मार, मी स्पीकर लावून पायरीवर धरते. थोरलीला हसू आलं, पण पटलंही. जाण्याआधी तिनं धाकटीचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि म्हणाली, माझी चारही मला अशीच्या अशी परत पाहिजेत. धाकटी म्हणाली, अगं पाहिजेत म्हणजे काय, कुठे जाणार आहेत ती?

आणि फोनवर जमलं. हाताला सलाईन, पोटाला पट्टा अशा अवस्थेत थोरलीनं पहिल्या संध्याकाळी फोन तोंडाशी धरून हाक मारली, आणि पलीकडून सासूबाईंचं असं काही बोंबलणं आलं की शेजारच्या खाटेवरची कंबर मोडलेली शिक्षिका दचकून म्हणाली, कोण हो हे? थोरलीनं सांगितलं, सासूबाई. वॉर्ड हसून हसून बेजार झाला. टाके घातलेल्या बाया पोटाला उशी दाबून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून हा रोजचा खेळच झाला. हाकेची वेळ झाली की सगळ्या गप्प. औषधांची ढकलगाडी घेऊन येणारी सिस्टर आधी ओरडली, हा दवाखाना आहे की गोठा, आणि मग स्वतःच गाडी थांबवून उभी राहायला लागली. इतकं कौतुक थोरलीच्या वाट्याला जन्मात आलं नव्हतं.

एका संध्याकाळी मात्र फोनमधून भलताच गोंधळ आला. फडफड, काहीतरी पडल्याचा आवाज, सासूबाईंची लांबच लांब किंकाळी, आणि फोन बंद. थोरली उठून बसायला गेली तर टाक्यांतून कळ आली. थोड्या वेळानं धाकटीचा फोन आला. कुत्रं भिंतीवर चढलं होतं ताई, घाबरली जरा, आता गेली सगळी आत, तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस.

त्यानंतर थोरली हाक मारायची आणि पलीकडून काहीच यायचं नाही. धाकटी म्हणायची, शहाणी झालीत गं, तुझा आवाज ऐकला की मुकाट आत जातात. वर बातम्याही द्यायची. नटवीनं आज टाकीखाली अंडं घातलं. साहेबाला दाणे आवडले नाहीत. सासूबाई रुसल्यात, तू येईपर्यंत बोलणार नाही म्हणतात. थोरली हे सगळं शिक्षिकेला सांगायची, आणि शिक्षिका म्हणायची, माझ्या सुनेपेक्षा तुमची बदकं गुणी.

घरी सोडलं त्या दिवशी थोरलीच्या पिशवीत सकाळच्या नाश्त्यातून वाचवलेले पावाचे तुकडे होते. धाकटीनं हात धरून रिक्षातून उतरवलं, पाणी दिलं, आडवी हो म्हणाली. थोरली कसली आडवी होते. ती पिशवी घेऊन थेट मागच्या दाराशी गेली आणि तिथेच थांबली.

परसात फरशी बसली होती. दुकानात उरलेली, कडा तुटलेली, चार जातींची. काही तुकड्यांवर निळी फुलं, काहींवर मासे, कोपऱ्यात न्हाणीघराची खरखरीत. खुराडं नाही, टब नाही, वेल मुळापासून छाटलेला. फटीच्या तोंडाला सिमेंट. मधोमध फरशीवाल्याची स्कूटर, आणि स्कूटरशेजारी वेताची झुलती खुर्ची.

"बदकं कुठायत?"

धाकटीनं पाठ केल्यासारखं सांगितलं. गावाबाहेर एक बाग आहे, तिथे मोठं तळं आहे, तिथे दिली. डॉक्टरच म्हणाले ना, तुला वाकायचं नाही, उचलायचं नाही. तिथे ती पोहतील, मजेत राहतील. तुला दवाखान्यात हे सांगितलं असतं तर तू टाके तोडून पळत आली असतीस. बोलताना ती थोरलीच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

थोरली सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "पकडली कशी?"

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. फरशीवाला झुलत्या खुर्चीत बसला होता. तो दुष्ट माणूस नव्हता. दुष्ट माणसाला निदान कळतं आपण काय केलं ते. हा आपल्या डोकॅलिटीवर खूश असणारा इसम होता, आणि ही जात दुष्टांपेक्षा वाईट.

"अहो ताई, तुम्हीच तर पकडून दिलीत," तो हसत म्हणाला. "नाहीतर आमची काय टाप होती? मी दारामागे पोतं उघडं धरून बसलो, हिनं फोन पोत्याच्या तोंडाशी ठेवला. तुमचा आवाज आला आणि एकामागून एक रांगेत आत. एक तेवढी ओरडली."

"आणि कुत्रं?"

"कसलं कुत्रं?" त्यानं विचारलं.

धाकटी फरशीवरचे मासे बघत उभी राहिली.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि केस थोरलीच्याच डोक्यातला उपटून घेतलेला. तिला एकेक संध्याकाळ आठवायला लागली. वॉर्डातल्या बाया श्वास धरून बसलेल्या, सिस्टरची गाडी थांबलेली, आणि आपण लाडात येऊन, गळा साफ करून हाक मारतो आहोत. आणि इकडे ही बाई, जिची वेणी आपण घातली, जिचे दात पडले तेव्हा आपण जागलो, ती फोन हातात धरून या फरशीवर उभी आहे. कदाचित स्कूटरला टेकून. हाक संपायची वाट बघत. आणि मग सासूबाई रुसल्यात म्हणून सांगते आहे.

थोरली आडवी झाली नाही आणि जेवलीही नाही. तळ्याचा पत्ता मागितला. धाकटी म्हणाली, मला नीट माहीत नाही. फरशीवाल्यानं सांगून टाकलं, बाजारातल्या कोंबडीवाल्यानं नेली, त्याच्या ओळखीत आहे ते तळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोटावर पट्टा, पट्ट्यावर ओढणी करकचून बांधून थोरली निघाली. धाकटी दार अडवून उभी राहिली, टाके उसवतील म्हणाली, पाया पडते म्हणाली. थोरली तिला बाजूला सारून गेली. रस्त्यात प्रत्येक खड्ड्यागणिक पोटात सुरी फिरत होती, आणि तिला ते बरंच वाटत होतं. निदान या कळेला खोटं बोलता येत नव्हतं.

कोंबडीवाल्याचं दुकान म्हणजे एक ओटा, एक तराजू आणि एकावर एक रचलेले पिंजरे. त्याला पोतं लगेच आठवलं. तळं म्हटल्यावर पिंजऱ्यात बांधलेल्या पाण्याच्या डब्याकडे त्यानं बोट केलं.

"मावशी, माझ्याकडे तळं आहे ते हे. त्या दादांना मी काहीएक खोटं सांगितलं नाही. त्यांनी विचारलंच नाही."

साहेब पहिल्याच दिवशी गेला होता. मोठं गिऱ्हाईक होतं, म्हणाला. नटवी आणि खादाड त्याच्या पाठोपाठ. एक मात्र पिंजऱ्यात बसल्या बसल्या अंडी घालायला लागली, म्हणून त्यानं ठेवून घेतली होती. थोरलीनं विचारलं, फार ओरडते का? कोंबडीवाला म्हणाला, छे हो, मुकी आहे ती. आल्यापासून तोंड उघडलेलं नाही.

खालच्या पिंजऱ्यात, कोंबड्यांच्या गर्दीत, सासूबाई होत्या. पांढऱ्या राहिल्या नव्हत्या. छातीची पिसं चिकटून त्यांच्या काड्या झाल्या होत्या, डोळ्यांच्या कडेला घाण साचली होती, कारण त्या डब्यात चोचही बुडत नव्हती. थोरली ओट्याला धरून खाली वाकली. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलेलं शरीर होतं ते, पण वाकली. आणि भर सकाळी, बाजाराच्या कलकलाटात, हळूच म्हणाली, "दिवा लागला गं, चलाऽऽ."

सासूबाईंनी मान ताठ केली. ओळखलं. थोरलीला स्पष्ट दिसलं की ओळखलं. आणि मग त्या कोंबड्यांना तुडवत मागे सरकल्या, पिंजऱ्याच्या पार कोपऱ्यात, आणि तारेवर छाती दाबून उभ्या राहिल्या, अजून मागे जायला जागा मिळते का ते बघत.

थोरलीनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. कोंबडीवाल्याला वाटलं बाईला मळमळतंय, त्यानं स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. त्यानं मागितले तेवढे पैसे दिले, आणि पिंजऱ्यात हात घालून बदक त्यानंच ओढून काढलं, तिनं नाही.

घरी आल्यावर तिनं बदक परसात सोडलं. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय दोन बाजूंना घसरले, ते पोटावर बसलं आणि तसंच राहिलं. धाकटी ते बघून रडायला लागली. तुझ्यासाठीच केलं गं ताई, रोज तो टब उपसतेस, उद्या तुला काही झालं तर मला कोण आहे? हे खोटं नव्हतं. अर्धं तरी खरं होतं. म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

फरशीवाला म्हणाला, अहो ताई, एका पक्ष्यापायी घरात एवढं...

"तुम्ही मधे पडू नका," थोरली म्हणाली. "तुम्ही परके. परक्यावर रागवायला मला वेळ नाही." मग ती बहिणीकडे वळली. "बदकं दिलीस, ते मी गिळलं असतं. खोटं बोललीस, तेही गिळलं असतं. पण नंतर रोज मला हाका मारायला लावल्यास. कुणाला हाका मारत होते गं मी?"

"तुझी तब्येत बिघडली असती म्हणून..."

"मग फोन उचलायचा नव्हतास."

धाकटीनं पदरानं नाक पुसलं आणि चहा ठेवू का म्हणून विचारलं. त्या घरात यापुढे कोण राहील आणि कोण जाईल हे थोरलीला अजून ठरवायचं होतं, आणि ती ते ठरवणार होती, पण त्या दिवशी नाही.

उन्हं उतरली. बदक स्कूटरच्या चाकाआड जाऊन बसलं होतं. धाकटी मागच्या दारात आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, हाक मार ना. येईल ती."

थोरलीनं तोंड उघडलं नाही. ती स्कूटरपाशी गेली, चाकाला धरून गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हात आत घातले. बदकानं पंख झाडले, चोचीनं मनगट ओरबाडलं, पण आवाज काढला नाही. टाक्यांशी काहीतरी ओलं झाल्यासारखं तिला वाटलं. तिनं बदक छातीशी धरलं, आपल्या खोलीत नेलं आणि आतून कडी घातली. बाहेरून धाकटी ताई, ताई करत राहिली.

मोठ्या पातेल्यात तिनं काठोकाठ पाणी भरलं, चोच आणि डोकं बुडेल एवढं, आणि पातेलं बदकासमोर ठेवलं. बदक पाण्याकडे बघत होतं आणि मध्येच तिच्याकडे. ती बघत होती तोवर ते पाण्याला शिवलं नाही. म्हणून तिनं तोंड भिंतीकडे केलं.